पायरी एकेचाळीस हजार तीनशे

त्र्याण्णव साली धुळ्याच्या एका कॉलेजात तोताराम सरांनी दोनशे छप्पन्न रेणू एका डब्यात कोंडले होते. डबा कॉम्प्युटरच्या पोटातला, आणि रेणू कार्बन डायऑक्साइडचे, तेही आकड्यांचेच. हा वायू फार तापवून फार दाबला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. तेव्हा रेणू कसे वागतात, यावर सरांची पीएचडी अडली होती. नाक मात्र आधीच डॉक्टरांसारखं वर होतं.

प्रोग्रॅम सुरू केल्याच्या नवव्या दिवशी सकाळी पडदा गोठलेला. प्रिंटरच्या कागदावर हिशोबाची शेवटची पायरी ४१,३००. खोलीत म्हातारे शिपाई झुलाल आबा झाडत होते.

"झाडू कीबोर्डला लावलात!" सर सगळ्या स्टाफसमोर कडाडले.

"मी हात नही लावा, सर."

सर ऐकतात कसले! संध्याकाळपर्यंत आबांचा माफीनामा फायलीत गेला, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले आबा सायकल स्टँडवर.

सरांनी पुन्हा त्याच आकड्यांनी प्रोग्रॅम सुरू केला. खोलीला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. नवव्या दिवशी दार उघडलं तर पडदा गोठलेला. कागदावर ४१,३००.

सर प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासत बसले. दुपारपर्यंत चूक सापडली. रेणू डब्याच्या बरोबर कडेवर आला तर काय करायचं, हे प्रोग्रॅममध्ये लिहायलाच ते विसरले होते. तिथे येऊन बिचारा कॉम्प्युटर अडून बसायचा. सरांना स्वतःची लाज वाटली.

स्टँडवर कोणी नाही असं बघून ते आबांकडे गेले. आबा लगबगीने उठून उभे राहिले.

"आबा, चूक माझीच होती. पण तुम्ही माफीनाम्यावर सही का केलीत?"

"तुमी इतला शिकेल शेतस. तुमी सांगतस ते खोटं कसं व्हई? माले वाटनं, मन्हाच झाडू लागना व्हई."

आबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "जाऊ द्या सर, कोनले सांगू नका. तुमले लोके हासतीन."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा हेच म्हणतील, या भरवशावरच तर ते एकटे आले होते.

ते वळले आणि स्टाफरूमकडे चालू लागले. मधली सुट्टी होती, सगळे तिथेच होते.