दुसऱ्याच्या पाठीची सीट

"गाडी अंगाला बसली पाहिजे, पोरी. मामानं भाचीला मापाची चोळी शिवावी, तशी."

एकनाथमामाचा तो जुना आवाज त्रिवेणीच्या कानात अजून गोड वाजायचा. तारनाक्याच्या शेडमध्ये मामाची छोटी कंपनी एकच माणूस बसेल अशा शर्यतीच्या गाड्या बांधायची, पोरांना त्या चालवायला शिकवायची. तिथंच त्यानं तिला गाडीत प्लास्टिकच्या पिशवीवर बसवून भोवती पातळ फोम ओतला होता. उन्हातल्या गोधडीसारखा उबदार फोम फुगला, आणि तिच्या पाठीचा साचा धरून घट्ट झाला. ती तिची सीट.

मग परदेशी कंपन्यांना देशाचे दरवाजे उघडले, मामाला बड्या टायरवाल्याची भागीदारी मिळाली, मद्रासची शर्यत ठरली. निघायच्या सकाळी त्रिवेणी गाडीत उतरली आणि दचकली. सीट खांद्यांना सैल होत होती, पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते.

"मामा, ही पाठ कुणाची?"

मामा स्वच्छ आरसाच पुसत राहिला. "फोम खचला असेल जरा."

"फोम खचला की सीट उंच माणसाच्या मापाची होते का रे?"

मामानं फडकं झटकून पुन्हा आरशावर फिरवलं.

"वर्षभर प्रत्येक वळणावर गाडी कुठं ओढते ते मी सांगितलं, तू पाना फिरवून ती जुळवलीस. ते कशासाठी?"

मामानं फडकं खाली ठेवलं.

"भागीदाराच्या लेकाचं माप आहे. मद्रासला तोच चालवणार, हे वर्षापूर्वी, मागच्या दिवाळीतच ठरलं होतं. तुला शर्यतीसाठी नाही, पोरी, त्याची गाडी जुळवून घ्यायला बसवत होतो."