वेलबाबाची जाड पानं

रानाच्या कडेला पाय ठेवायला जागा नव्हती. दीड वर्षापूर्वी झाडं तोडून केलेल्या मैदानावर गाड्यांची दाटी झाली होती, आणि भोवतीच्या प्रत्येक झाडावर एकच वेल चढली होती. मधोमध खुर्चीत वेलबाबा.

"आधी होती का इथे ही वेल? नव्हती! मी बसलो आणि उगवली. आत रानातलं पान कागदासारखं, माझं पान चामड्यासारखं! साखर असो, दमा असो, सकाळी एक पेला रस. सुई बंद, गोळी बंद!"

लोक तोंडात बोटं घालत. गर्दी वाढली की भक्त जागेसाठी आणखी चार झाडं पाडत, आणि काही महिन्यांत नव्या कडेवरही वेल हजर. महिमा पसरला म्हणून पुन्हा गर्दी. बाबाचा हा कारखाना भक्तांच्याच कुऱ्हाडीवर चालला होता.

याच रानात अठरा वर्षं झाडांचे घेर आणि पानांची जाडी मोजणारी एक बाई होती. सगळे तिला मोजणीताई म्हणत. रानाच्या दुसऱ्या टोकाचं काम उरकून महिन्याभराने ती घरी आली, तर आई हाकेला डोळे उघडेना. उशाशी हिरव्या रसाचा पेला.

"दादा, आईचं साखरेचं इंजेक्शन कुठंय?"

"आठ दिवस झाले, बंद केलं. टोचून घ्यायचं नाही म्हणून किती खूश होती गं!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. "दोन दिवस आधी आणायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

दादा बाबाकडे जाऊन रडला. परत आला तो मान खाली घालून. "बाबा म्हणाले, मुलीचा विश्वास नव्हता, म्हणून रस लागू पडला नाही."

मोजणीताईचं काळीज फाटलं. ती भावाला हाताला धरून रानाच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. विजेच्या तारांसाठी तिथे झाडांचा लांबलचक पट्टा कापलेला होता. दोन्ही कडांना तीच वेल, तीच जाड पानं.

"बाबा इथे कधी बसले होते?"

दादाने एक पान तोडून बोटांनी दाबून पाहिलं.

"आता दोनशे पावलं आत चल." आत अंधूक सावली होती. तीच वेल जमिनीलगत बोटभर जाडीने रांगत होती, पानं पातळ आणि रुंद. "वेल पहिल्यापासून आहे, दादा. झाडं पाडली की कडेला ऊन येतं, वारा शिरतो, माती सुकते. उन्हाची भुकेली वेल सुसाट वाढते, आणि पाणी जपायला पान जाड होतं. सावलीतली रोपं मात्र मुकाट मरतात. कडेलगत मोजणीसाठी आखलेल्या माझ्या चौकटीत रोपांच्या एकतीस जाती होत्या, आता बारा आहेत. तो चमत्कार कुणी दाखवत नाही."

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती खाली बसली. "बोलले होते. गेल्या वर्षी चहाच्या टपरीवर तोऱ्यात सांगितलं, कडेची वेल दसपट झाली म्हणून. का झाली ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाबा शेजारच्याच बाकावर चहा पीत होता. त्यानंतरच त्याने मैदानात खुर्ची मांडली." मग ती हुंदके देऊन रडली, आणि दादा तिच्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं मैदानात गेली. दादा रांगेसमोर उभा राहिला.  "सुई बंद करून माझी आई गेली. बंद मी केली. तारांखाली जाऊन बघा, बाबाशिवाय तीच वेल वाढलीय. कुणीही अजब काही दाखवलं तर आधी विचारा, असं का होतं? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. हात जोडतो."

"अश्रद्ध!" बाबा हसला. बरेचजण त्याच्याबरोबर हसले.

रांगेतल्या साठीच्या एका म्हाताऱ्याने मात्र हातातला पेला खाली ठेवला. "आईचं वय काय होतं, बाळा?"

दादाने बहिणीकडे पाहिलं. मोजणीताईने सांगितलं, "एकसष्ट."