दाराबाहेरचे कपडे

भिंगरीला पहिल्यांदा धाप लागली तेव्हा ती सहा वर्षांची होती. एका जागी ठरायची नाही, म्हणून आत्यानेच तिचं हे नाव पाडलं होतं. आता चार उड्या मारल्या की छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा आणि पोरगी भिंत धरून उभी राहायची.

डॉक्टरांनी तोंडात ओढायचं औषध दिलं. म्हणाले, "औषधाइतकंच घराकडे बघा. चादरी, अभ्रे कढत पाण्यात धुवा. गालिचा, जाड पडदे काढून टाका. केर काढून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कुठे ओल, बुरशी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. घरात प्राणी आहेत?"

"प्राणी नाहीत," भिंगरीची आई म्हणाली. "आमच्या ताई आहेत."

डॉक्टरांना थट्टा वाटली. तिने मग नीट सांगितलं. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर हिनेच भावाला वाढवलं, शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालून त्यांचे केस कापून देण्याच्या दुकानात कामाला होती आणि यांच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची.

"मग कपड्यांवरून केस येत असतील. आल्या आल्या कपडे बदलू द्या, म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन भिंगरीच्या आईने गालिचा गुंडाळून देऊन टाकला, पडदे उतरवले, कापसाची खेळणी पिशवीत भरून टाकून दिली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसून तिच्या हाताला स्वच्छतेचं वळणच पडलं होतं. फक्त ओलीचं तिने कुणाला सांगितलं नाही. ओल होती. निजायच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत नवं कपाट बसवलं, तेव्हा सुताराने तिला भिंतीवरचा ओला पट्टा दाखवला होता. आधी भिंत सुकवा, मग कपाट बसवू, असंही म्हणाला होता. पण त्या कपाटासाठी तिने किती वर्षं मन मारलं होतं. "तुम्ही बसवा हो," ती म्हणाली होती. भिंगरीचा पलंग त्या कपाटाला लागूनच होता. कधीकधी कुबट वास यायचा, म्हणून तिने कपाटात सुगंधी वड्या ठेवल्या होत्या.

ताईचं मात्र तिने मनावर घेतलं. आधी म्हणाली, कपडे बाहेरच बदला. बाहेर म्हणजे जिन्याच्या वळणावर. चादरीचा आडोसा धरून पन्नाशीची बाई तिथे कपडे बदलू लागली. वरचे शेजारी खाली उतरताना खाकरायचे. मग ताईची गादी गेली, जुनी आणि धुळीची म्हणून. मग सोफ्यावर बसणं बंद झालं. मग भिंगरीला मांडीवर घेणं.

"ताई, मी काही हौसेने सांगत नाही हो. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"अगं, पोरीपुढे काय माझं," ताई म्हणायची.

तिचा हा समजूतदारपणाच भिंगरीच्या आईच्या डोक्यात जायचा. भांडली असती तर कुठेतरी थांबता तरी आलं असतं. एके दिवशी ताईची कमरेपर्यंतची वेणी बघत ती सहज म्हणाली, "कितीही धुवा, वेणीच्या आत केस अडकून राहतातच."

दुसऱ्या दिवशी ताई आली ती डोकं भादरून. दुकानातल्या जोडीदारणीने, कुत्र्यांचे केस उतरवायच्या यंत्रानेच, उतरवून दिले होते. भिंगरीने एकदा पाहिलं आणि भेदरून आईच्या मागे लपली. ताई दारातच हसत उभी राहिली. हसता हसता तिचा हात डोक्याकडे गेला आणि तिथे काहीच नाही म्हणून खाली आला.

"आता कसं हलकं वाटत असेल," भिंगरीची आई म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आठवड्याने भिंगरीची भीती गेली. ती धावत जाऊन आत्याला बिलगली. संध्याकाळी तिला धाप लागली, ओठ निळसर पडले.

"एक दिवस जीव घ्याल पोरीचा," भिंगरीची आई म्हणाली.

ताईने पिशवी भरली. दुकानाच्या माळ्यावर राहायला गेली. भावाने पिशवी खालपर्यंत नेऊन दिली, पण थांब म्हणाला नाही.

महिना झाला नाही तोच भिंगरीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी या वेळी भिंगरीच्या बाबांना विचारलं, "घरात ओल कुठे आहे का?" त्याला कपाटापाशी येणारा कुबट वास आठवला. तोच सुतार आला, त्याने कपाट भिंतीपासून उचकटलं. मागची भिंत काळीभोर झाली होती, हात लावला की काजळी यावी तशी.

"बाईंना तेव्हाच दाखवलं होतं मी," सुतार म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

सुतार जाईपर्यंत भिंगरीच्या आईने नवऱ्याकडे बघायचं टाळलं. नवरा आरडाओरडा करेल, बहिणीला आणायला धावेल, आपल्याला तिचे पाय धरायला लावेल. तिने सगळं गृहीत धरलं होतं. नवऱ्याने हात धुतले, शांतपणे पुसले.

"ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कळलं तर परत येईल. तिच्या खोलीत आता माझं टेबल लागलंय." फडकं खुंटीला अडकवत तो म्हणाला, "मला वाढवलं ते तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याचंच ओझं व्हायचं. मला तिला जा म्हणता आलं नसतं. तू ते केलंस."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिचं कौतुक केलं होतं. आपण एकटीच वाईट आहोत, असं इतके दिवस ती धरून चालली होती.

भिंत खरवडली, सुकवली, रंगवली. भिंगरी पुन्हा गरागरा फिरू लागली. ताईचा फोन आला तेव्हा नवरा जेवत होता. हात खरकटा म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला.

"पोरगी कशी आहे रे?"

"छान आहे. तू गेल्यापासून एकदाही धाप लागली नाही."

पलीकडून ताई म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच होतं सगळं. बरं झालं बाबा, वेळेत निघाले." तिचा आवाज खरोखर आनंदला होता. "मी काय म्हणते, शाळेच्या फाटकापाशी उभी राहून लांबूनच बघू का तिला? जवळ नाही येणार."

भिंगरीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. तो घास चावत होता.

"नको ताई. उगीच कशाला जोखीम," तीच म्हणाली.

"हो, तेही खरंच," ताई म्हणाली.

त्याने डाव्या हाताने फोन बंद केला. आतल्या खोलीतून भिंगरीने विचारलं, "बाबा, कुणाचा फोन?"

"चुकून लागला होता," तो म्हणाला आणि बायकोपुढे ताट सरकवलं. तिने त्याला आणखी वाढलं.