एकशे सतरा नंबरची तांब्याची नळी

"देवघरातल्या तांब्याला चार महिने कुणाचा हात नाही. आणि या मेल्या नळीला मात्र दर शुक्रवारी चिंच-मीठ!"

आश्लेषा हे बोलली ती ओट्याकडे तोंड करून, कुणालाच नाही अशा बेताने. पण संग्राम फ्रिजमधून बर्फ काढत तिच्या खांद्याशीच उभा होता, त्यामुळे सगळं त्याच्या कानात पडलं. तो हसला. मित्राच्या बायकोची कुरकुर ऐकून हसायचं असतं. आत मात्र काहीतरी टोचलं. त्याच्या घरी त्याने सिंकमध्ये उष्ट्या कपांची रांग लावली तरी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. शंतनूकडे कुरकुर करणारी बायको होती आणि वर ही नळीसुद्धा होती. माणसाला किती मिळावं यालाही काही सुमार असतो.

नळी म्हणजे शंतनूचं वेप, ई-सिगरेट. दुकानात मिळतं तसं रंगीत प्लास्टिकचं नव्हे. फिलिपिन्समधल्या एका कारागिराने लेथवर बसून घडवलेलं, शुद्ध तांब्याचं, फक्त दोनशे नग काढलेले. शंतनूचा नग एकसष्टावा, तो आकडा बुडाशी कोरलेला. अमेरिकेतल्या कॅरी गावाच्या त्या शांत गल्लीत, जिथे लोक शेजाऱ्याच्या लॉनची उंचीसुद्धा डोळ्यांनी मोजतात, शंतनूने त्या पार्सलची चार महिने वाट पाहिली होती. लग्नाआधी आश्लेषाची एवढी पाहिली नव्हती, असं आश्लेषाच म्हणायची.

त्याआधी सत्तावीस वर्षं सिगरेट होती. संग्राम आणि शंतनू पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला एका खोलीत होते, तेव्हापासून दर शुक्रवारची दोघांनी मिळून. पुढे नोकऱ्या बदलल्या, व्हिसे बदलले, दोघेही योगायोगाने नॉर्थ कॅरोलायनात येऊन पडले, तरी शुक्रवार तोच राहिला. संध्याकाळी शंतनूच्या घरामागच्या डेकवर उभं राहायचं, एका काडीवर दोघांच्या सिगरेटी पेटवायच्या. काडी धरायचा संग्राम आणि हाताचा आडोसा करायचा शंतनू. मग डॉक्टरने शंतनूला दम भरला, सिगरेट सुटली, नळी आली. नळीला काडी लागत नाही. आडोसाही लागत नाही.

तिला लागतो सुमंत. सुमंत म्हणजे शंतनूच्या ऑफिसमधला नागपूरकर, चौतीस वर्षांचा, दाढी कोरलेली, सगळ्यांना दादा म्हणणारा. नळीतलं त्याला सगळं कळायचं. संग्राम ग्लास घेऊन डेकवर आला तेव्हा हे दोघे एका नळीवर डोकी जोडून बसलेले होते.

"ये रे, बस," शंतनू मान वर न करता म्हणाला. "कापूस बदलतोय."

संग्राम बसला. कापूस बदलून होईपर्यंत बसून राहिला.

"यात आहे तरी काय एवढं?" त्याने शेवटी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं नसतं तर कुणी त्याच्याशी बोललंच नसतं.

"काहीच नाही! तीच तर गंमत," शंतनू खुलला. "चिप नाही, स्क्रीन नाही, अपडेट नाही. बटण, नळी आणि वरची टोपी. बॅटरी टाकायची आणि दाबायचं. बिघडायला आत काही ठेवलेलंच नाही. माझी नातवंडं वापरतील."

"नातवंडांना वेपिंग शिकव तू," आतून आश्लेषाचा आवाज आला.

"आणि दादा, टेस्ट," सुमंत म्हणाला. "चिपवालं आधी विचार करतं. हे दाबलं की हजर. तांब्यातून करंट असा धावतो ना!"

"दोषही आहेत हां," शंतनू म्हणाला, आणि मुलगी दाखवताना आई 'जरा हट्टी आहे हो' म्हणते त्या कौतुकाने सांगायला लागला. "बॅटरी उतरली तरी ही सांगत नाही. धूर पातळ होत जातो, आपल्यालाच कळायला हवं. बटण अडवणारी बुडाची कडी न फिरवता खिशात टाकली तर खिशातच तापेल. आणि मुख्य म्हणजे तुम्ही चूक केलीत तर थांबवणारं कुणी नाही. चिपवालं स्वतःच बंद पडतं. ही बंद पडत नाही. म्हणून आतली तारेची कॉइल बसवली की आधी मीटरवर मोजायची. ओहमचा नियम आहे बाबा, त्याच्याशी मस्करी नाही."

संग्रामचा ग्लास ओठांशी थांबला. शंतनूला ओहमचा नियम शिकवला कुणी? यानेच. पहिल्या वर्षाला, सर्किट्सच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, मेसच्या टेबलावर कोळशाने आकृत्या काढून. संग्रामला त्या पेपरात शंभरातले ब्याण्णव होते आणि शंतनू जेमतेम सुटला होता. आणि आता तोच नियम तो या दाढीवाल्यादेखत संग्रामलाच शिकवत होता, आपल्या घरचा असल्यासारखा.

नळीचे दोष संग्रामनेही काढून ठेवले होते, मनातल्या मनात. बत्त्यासारखी जड. हाताला पैशांच्या गल्ल्यासारखा वास. घामाने चार दिवसांत काळी. यातलं एकही तो बोलला नाही, कारण बोललं की पोटात दुखतंय हे उघड झालं असतं.

जेवताना आश्लेषाने त्याला आमटी वाढली आणि नेहमीसारखं विचारलं, "प्रीताच्या आईचा गुडघा कसा आहे आता?"

"बराय. सुधारतोय."

"तिकडे आता उन्हाळा, जरा आराम पडत असेल."

"हो ना."

शंतनू लोणच्याच्या बरणीचं झाकण उगाच फिरवत बसला. सुमंतने पोळीत तोंड घातलं. प्रीता म्हणजे संग्रामची बायको. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत संग्रामने सगळ्यांना सांगितलं होतं की ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली आहे. तेव्हापासून तो गुडघा बिचारा या टेबलावर दर शुक्रवारी येत होता. कुणाच्याही गुडघ्याला दीड वर्ष लागत नाही हे इथे सगळ्यांना कळत होतं. त्यांना कळतंय हे संग्रामलाही कळत होतं. म्हणून तर तो दर वेळी 'सुधारतोय' म्हणायचा, आणि आश्लेषा दर वेळी त्याला जरा जास्त आमटी वाढायची.

आठवड्यातल्या सहा संध्याकाळी तो कशातरी ढकलायचा. सातवी या घरातली. तेवढी एक होती म्हणून बाकीच्यांना काही अर्थ होता.

आणि पुढच्याच बुधवारी शंतनूचा मेसेज आला. 'या शुक्रवारी सुमंतबरोबर रॉलीला वेपवाल्यांचा मेळावा आहे. आपलं कॅन्सल करू यार. पुढच्या वेळी नक्की.'

संग्रामने अंगठा पाठवला. त्या शुक्रवारी तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला आणि नळी शोधली. तीच, त्याच कारागिराची. टेक्सासमधला कुणी शुगर लँडचा माणूस वापरलेली विकत होता. नंबर एकशे सतरा. ती आली तेव्हा बटण थोडं मऊ लागलं, पण वापरलेल्या वस्तूचं असतंच तसं, असं त्याने ठरवलं. चिंच भिजवली, मीठ घातलं आणि सिंकपाशी उभं राहून ती लखलखीत केली. तिच्या पोटात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, लांबट आणि अधाशी.

मग व्हिडिओ बघून तार वळली. शंतनू एक कॉइल लावतो ना? आपण दोन लावू. दुप्पट धूर. मीटर मागवायचं त्याच्या मनातही आलं नाही. ज्याला सर्किट्समध्ये ब्याण्णव होते त्याने कॉइल मोजायला मीटर मागायचं? त्याने बसल्या बसल्या तोंडी गणित केलं. एका कॉइलचं उत्तर नीट आलं, सुरक्षित आलं. दुसरी तशीच, म्हणून पुन्हा करायची गरज नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तो डेकवर आला आणि खिशातून नळी काढून टेबलावर उभी केली. एकसष्ट नंबरच्या शेजारी एकशे सतरा.

"आयला!" शंतनू उठूनच उभा राहिला. "संग्राम! कधी घेतलीस? बोलला नाहीस!"

ते 'आयला' ऐकून संग्रामला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. कितीतरी दिवसांनी शंतनूने त्याच्याकडे असं तोंडभरून पाहिलं होतं.

"वा दादा! बघू?" सुमंतने हात पुढे केला. "किती ओहमची बसवली?"

"बसवलीय बरोबर."

"मोजली ना पण?"

"हे बघ सुमंत," संग्राम म्हणाला, "तुझ्या या दादाला ओहम कुणी शिकवला ते विचार आधी." आणि नळी सुमंतच्या हाताला लागू न देता तोंडाला लावून बटण दाबलं.

धूर आला. पांढरा, जाड, शंतनूच्या दुप्पट. सुमंतने शीळ घातली. संग्रामने पुन्हा दाबलं, आणखी लांब. आश्लेषा दारात टॉवेलने हात पुसत उभी होती, तिलाही दिसायला हवा होता. तिसऱ्यांदा दाबून बोट उचललं तेव्हा बटण वर आलं नाही.

नळी हातात गरम झाली. मग खूप गरम झाली. आता ठेवली तर सुमंत बघेल, म्हणून त्याने ती धरूनच ठेवली.

"दोन लावल्यास?" शंतनूचं लक्ष वरच्या टोपीच्या भोकातून आत लालबुंद झालेल्या कॉइलींकडे गेलं. त्याचा चेहरा उतरला. "दोन शेजारी शेजारी लावल्या की रोध अर्धा होतो, गाढवा, करंट दुप्पट! तूच सांगितलं होतंस मला! सोड ती!"

संग्रामची बोटं मिटलेलीच राहिली. शंतनूने आश्लेषाच्या हातातला टॉवेल ओढला, त्यात नळी धरून हिसकली आणि होती नव्हती ती ताकद लावून लॉनवर भिरकावली. ती गवतात पडली, फुसफुसली, आणि बारीकसा आवाज होऊन तिच्यातून करडा धूर निघाला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग सुमंत बागेचा नळ सोडायला धावला आणि अर्ध्या वाटेत थांबून ओरडला, "बॅटरीवर पाणी घालू की नको दादा?"

"नको! लांब थांब नुसता!"

आश्लेषाने संग्रामला मनगटाला धरून आत नेलं आणि त्याचा हात सिंकमध्ये गार पाण्याखाली धरला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता, नळीच्या रुंदीचा. शंतनू मागोमाग आला. तो घाबरला होता, म्हणून ओरडत होता.

"एक शब्द विचारायचा! एक! मी दिलं असतं ना मीटर! मी लावून दिली असती कॉइल! कशासाठी केलंस हे?"

"तुला रॉलीला जायचं होतं ना," संग्राम म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

शंतनूला काहीतरी कळलं असावं, कारण त्याने पुढे होऊन नळ जरा मोठा केला. आश्लेषाने हात उलटसुलट करून पाहिला. "फोड येईल, पण हात वाचला. आज इथेच झोप. एका हाताने कुठे ड्राइव्ह करतोस." मग तिच्या तोंडून सवयीने गेलं, "प्रीताला कळवायचं का? तिकडे आता पहाट असेल, थोड्या वेळाने..."

ती अर्ध्यातच थांबली. शंतनूने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. दारात येऊन उभा राहिलेला सुमंत दोन पावलं मागे सरला.

संग्रामने नळाखालचा हात काढला नाही.

"तिकडे पहाट नाहीये, आश्लेषा," तो म्हणाला. "इथल्याएवढेच वाजलेत. प्रीता शेजारच्या व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला राहते. दीड वर्ष झालं. ती मला सोडून गेली."