पुढचं दार

भाचीने स्टेशनचे नकाशे थेट शिवणाच्या टेबलावर पसरले, तेव्हा मावशीने आधी कात्री बाजूला केली आणि मग कपाळाला आठ्या घातल्या.

"बटणांचा डबा उचल तो. एक जरी हरवलं ना, तर तुझ्या स्टेशनचं तोडून लावीन."

नव्वद वर्षांच्या त्या स्टेशनाची वाढ-दुरुस्ती व्हायची होती. त्याआधी इमारत जशी आहे तशी कागदावर उतरवायचं काम भाचीकडे आलं, आणि मुक्काम अर्थातच मावशीकडे. मावशी एकटी. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "मापं पुष्कळांची घेतली, अंगाला एकही बसेना." लोक हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

"मावशी, उद्या पुढच्या दाराचे फोटो काढायचेत," भाची म्हणाली. "तिथे त्या शेळ्या कुणाच्या बसतात? हलवायला सांगशील का?"

"पुढच्या दाराशी कुठल्या शेळ्या? शेळ्या मागच्या कमानीत असतात."

"अगं, तीन कमानी, दगडी खांब, वर घड्याळासाठी गोल कोनाडा. तेच पुढचं दार."

"खुळी आहेस. गावात कुणालाही विचार. तिकीटखिडकीशेजारचं ते बुटकं दार, ते पुढचं."

"ते पार्सलचं दार गं." भाचीला हसू आवरेना. "तुमचं अख्खं गाव नव्वद वर्षं पार्सलसारखं आत-बाहेर करतंय."

मग तिने समजावून सांगितलं. मूळ नकाशा पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर काढलेला होता. बांधकामाच्या मुकादमाने तो पालथा धरला. त्याला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे अक्षरं उलटी दिसतायत हे कळायचं काही कारणच नव्हतं. डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं. कमानींचं देखणं टोक यायचं होतं गावाकडे, ते आलं माळाकडे. गावाच्या वाट्याला आलं पार्सलचं दार. साहेब पाहायला आले तोवर छप्पर चढलं होतं. लोकांनी आपल्याला सोयीचं ते पुढचं ठरवलं आणि शेळ्यांनी आपल्याला सोयीचं ते.

"म्हणजे बाहेरून आलेला माणूस..." मावशी म्हणाली आणि थांबली.

"बाहेरचा कमानीलाच पुढचं दार म्हणणार. हा बघ ना, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा कागद. कुणीतरी फार मन लावून मोजलंय. एका सुताचा फरक नाही. त्यानेही तसंच लिहिलंय."

कमानींखाली बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पुढचे दार'. त्यातल्या 'पु'चा उकार शेपटीसारखा लांब ओढलेला.

मावशीने तो उकार ओळखला. तो तिने एका चिठ्ठीत पाहिला होता आणि मग चुलीत घातला होता.

तेव्हा ती बावीस वर्षांची. वडील तिकीट तपासनीस, घर स्टेशनच्या क्वार्टरमध्ये. फलाट वाढवायचा म्हणून नकाशेवाला दोन महिने येऊन राहिला होता. त्याची टेप तुटली, तर तिची शिवणाची टेप मागून नेली आणि महिनाभर तीच वापरली. रोज संध्याकाळी परत करायला यायचा, रोज सकाळी मागायला. आईला संशय यायला एवढं पुरे होतं. शेवटच्या दिवशी टेपच्या गुंडाळीत चिठ्ठी होती. 'उद्या चार वाजता पुढचे दार. आलीस तर दोघे जाऊ. नाही आलीस तर समजेन, पत्र टाकून छळणार नाही.'

पावणेचारपासून ती बुटक्या दाराबाहेर उभी राहिली. फलाटावर वडील, म्हणून आत डोकावायची सोय नव्हती. सव्वापाचची गाडी आली, गेली. रात्री जेवताना वडील म्हणाले, "गेला बरं का तो नकाशेवाला." तिने भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला. हातावर तुरी देऊन गेला, असं तिने तेव्हा मनाशी ठरवलं, आणि आजतागायत ते ठरलेलंच होतं.

"मावशी? काय झालं?"

"काही नाही. उद्या शेळ्या मी हलवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने शेळ्या हाकलल्या आणि टेपचं टोक धरून कमानीत उभी राहिली. हयातीत ती इथे दोन-तीनदा आली असेल, तीही नाक दाबून. इथून बुटकं दार दिसतच नव्हतं. मधे मालखोलीची भिंत पुढे आलेली. फार तर दीडशे पावलं.

भाचीला तिने सगळं सांगितलं, टेप धरल्या धरल्या, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. भाची लिहायची थांबली.

"ऑफिसात पत्ता मिळेल गं. निवृत्त लोकांचे असतात. काढू?"

"नको." परत येऊ पाहणारी एक शेळी हाकलून ती म्हणाली, "काढ."

"काय लिहायचं?"

"त्याच्या घरात बायको, नातवंडं असतील. मला काही त्यांच्या ताटात हात घालायचा नाही. एवढंच विचार, कुठल्या गाडीने गेलास."

"म्हणजे?"

"त्या काळी संध्याकाळच्या दोन गाड्या होत्या. सव्वापाचची आणि पावणेसातची. वडील नुसतं गेला म्हणाले. कुठल्या गाडीने, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर चोरी उघडी पडली असती."

"आणि पावणेसातपर्यंत थांबलो होतो म्हणाला तर?"

मावशीने टेपचं टोक खांबाच्या कडेला पुन्हा नीट टेकवलं, आधीच नीट होतं तरी.

"तर त्याला खरं सांगावं लागेल," ती म्हणाली. "मी साडेपाचलाच घरी गेले म्हणून."