फोटोपुरती लावलेली सूचना

मित्रांनो, मी एक जुना सूचना फलक आहे. सध्या जिन्याखालच्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. पाठीला मोडक्या खुर्च्या टेकवल्या आहेत, शेजारी रंगाचे रिकामे डबे आहेत. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. माझं मन विटलंय आणि ते मी लपवणार नाही.

जन्म मात्र चांगल्या हातांनी झाला. विद्यापीठात हुशार मुलांसाठी ऑनर्स विभाग नवा निघाला, तेव्हा त्याच्या कार्यालयाबाहेर टांगायला मला करून घेतलं. सुतारकाकांनी लाकडाची चौकट जोडली, आत बुचाचा जाड थर बसवला, त्यावर हिरवं कापड ताणलं. पुढे काचेची दोन दारं आणि एक छोटं कुलूप. मग ते चौकटीच्या कडा घासत बसले. त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली तरी यांचं घासणं चालूच.

"अहो, फळाच आहे ना? किती घासाल!" ती म्हणाली.

"पोरं हात टेकून वाचतील गं. कुणाच्या बोटात कुसळ जायला नको," काका म्हणाले.

रंगाऱ्याने माझ्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'ऑनर्स विभाग : बातम्या आणि संधी'. काय तो माझा तोरा!

सुरुवातीची वर्षं खरोखर सुखाची होती. तेव्हा कार्यालयात एक कारकूनबाई होत्या. रोज सकाळी त्या माझी काच पुसायच्या, मुदत संपलेले कागद काढायच्या आणि एका कागदावर दुसरा कागद कधी म्हणजे कधी लावायच्या नाहीत. निबंधस्पर्धा, बाहेरच्या विद्यापीठांतल्या जागा, सुट्टीतली प्रशिक्षणं, कुणाची कुठे निवड झाली, सगळं माझ्यावर. एका मुलाने स्वतःचं नाव वाचून अशी उडी मारली की त्याचं डोकं माझ्या काचेवर आपटलं. तो हसला, बाई ओरडल्या, आणि मला कोण आनंद झाला! कॉरिडॉरमध्ये मुलं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असायचा, "फलक बघितलास का?"

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आले ते कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण काम करण्यापेक्षा उरकण्यावर त्याचा भर. त्यातच वरून हुकूम आला की तपासणी समितीला दाखवायला प्रत्येक गोष्टीचा पुरावा हवा. मग नवी रीत पडली. भाऊसाहेब सूचना लावायचे, दोन पावलं मागे सरायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. फोटो फाईलला लागला की काम फत्ते. नंतर ती सूचना कुणी वाचो न वाचो. दुसरी आली की पहिलीच्या डोक्यावर टाचणी. मेल पाठवणं हे संगणकवाल्याचं काम, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि संगणकवाल्याची जागा रिकामी होती.

याच काळात एक मुलगी माझ्यासमोर रोज उभी राहू लागली. मुलं तिला शेवाळी म्हणत, कारण तिच्या पिशवीत कायम हिरव्या पाण्याच्या बाटल्या असायच्या. तिचे वडील लोकांच्या पाण्याच्या टाक्या साफ करायचे. ते टाकीतलं शेवाळ खरवडायचे आणि ही ते घरी नेऊन भिंगाखाली बघायची. त्यातूनच तिला अभ्यासाची गोडी लागली होती. दूरच्या एका विद्यापीठात पाण्याची मोठी प्रयोगशाळा होती. ती दरवर्षी आमच्या विभागातून एका विद्यार्थ्याला एका सत्रासाठी बोलावायची. शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेत नसत. शेवाळी शेवटून दुसऱ्या वर्षाला होती, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"भाऊसाहेब, ती सूचना आली का हो?" ती विचारायची.

"आली की लागेल. फलक बघत जा."

सूचना आली. भाऊसाहेबांनी लावली, फोटो काढला. त्याच दुपारी विभागाच्या संचालिकाबाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"उद्या समिती येतेय आणि ही काय लक्तरं लावलीत? काहीतरी देखणं लावा!"

झालं. एक मोठा गुळगुळीत कागद आला. वर 'आमचा अभिमान', खाली जुन्या गुणवंतांचे फोटो आणि मधोमध स्वतः संचालिकाबाई. त्या कागदाने मला या दारापासून त्या दारापर्यंत झाकून टाकलं. समिती आली, मान डोलावली, चहा प्यायली, गेली. कागद तसाच राहिला.

शेवाळी रोज यायची. अभिमान वाचायची आणि परत जायची. मित्रांनो, तिची सूचना तिच्या हनुवटीसमोर होती, मध्ये फक्त एक कागद. माझा जीव तिळतिळ तुटत होता. वाऱ्याने तरी तो फडफडावा! पण काच घट्ट बसलेली. सुतारकाकांचं काम पक्कं ना!

मुदत गेली. प्रयोगशाळेतून फोन आला की तुमच्याकडून एकही अर्ज आला नाही, जागा दुसऱ्या विद्यापीठाला दिली आहे. तेव्हा कुठे भाऊसाहेब धावत आले, कुलूप उघडलं, अभिमान खाली उतरवला. शेवाळी नेमकी समोरच उभी होती. तिने सूचना वाचली, तारीख वाचली.

"ही कधी लावली होती?"

"मागेच. हा बघ फोटो, तारखेसकट आहे."

"पण तिच्यावर तर हा कागद..."

"लावली होती की नव्हती, तेवढं बोल!"

आतून संचालिकाबाईंचा आवाज आला. "ऑनर्सची मुलगी ना तू? डोळे उघडे ठेवायला नकोत?"

शेवाळी माझ्याकडे वळली. तिने माझ्या चौकटीच्या कडेवर हात टेकवला. काकांनी म्हटल्याप्रमाणे तिच्या बोटात काही टोचलं नाही, पण पोरगी रडत होती. आणि तो पुरावा म्हणून काढलेला फोटो माझाच होता. खोट्या साक्षीला मला उभं केलं, याची चीड मला आजही येते.

पुढच्या वर्षी शेवाळी विभागात पहिली आली. लगेच नवा गुळगुळीत कागद आला आणि मधोमध तिचा हा एवढा मोठा फोटो! जिची संधी माझ्याच पोटात कुजली, तीच आता यांचा अभिमान. निर्लज्जपणाची हद्द झाली.

तो बघायला तिचे वडील आले, धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. "अगं, केवढा मोठा लावलाय गं तुला!" म्हणत त्यांनी मोबाईल काढला. काच चमकत होती, म्हणून भाऊसाहेबांनी कौतुकाने दारं उघडून दिली. शेवाळी मात्र स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. कागदाखालून दुसऱ्या एका कागदाचा कोपरा डोकावत होता. ती पुढे झाली आणि एकेक टाचणी उपसू लागली.

"अगं, काय करतेस?" वडील दचकले.

"बाबा, माझ्याखाली कुणाचं तरी आहे."

होतंच. त्याच प्रयोगशाळेची सूचना, नव्या वर्षाची, मुदत अजून शिल्लक.

"अगं ए, त्या सूचनेचा फोटो झालाय! तू तुझा कागद परत लाव बघू!" भाऊसाहेब ओरडले.

तिने स्वतःचा फोटो गुंडाळून वडिलांच्या हातात दिला आणि सरळ खालच्या वर्षाच्या मुलांच्या वर्गात गेली. थोड्याच वेळात माझ्यासमोर ही गर्दी! जुन्या दिवसांसारखे हात माझ्या कडांवर टेकले. त्या वर्षी जागा वाया गेली नाही. शेवाळीला मात्र ती कधीच मिळाली नाही, आणि त्याबद्दल तिला कुणी साधं 'चुकलं' असंही म्हटलं नाही.

मला मग लवकरच काढून टाकलं. आता तिथे टीव्हीसारखा चमकणारा पडदा आहे. सूचना येते आणि दुसरी ओळ वाचेपर्यंत निघून जाते. तिचाही फोटो काढतात म्हणे.

मित्रांनो, मला पुसा, पुन्हा टांगा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी लाकूड आहे. मागणं एवढंच आहे. कुठे तुमचं कौतुक लागलं तर खुशाल उभे राहा, डोळे भरून बघा. मग जाण्याआधी त्याचा एक कोपरा उचलून खाली बघा.