उसवलेले टाके

सलोमाबाईंचा टाका बघत राहावा असा. अमेरिकेत ओहायोतल्या त्या मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या, वस्तीत चर्चच्या बायका दर गुरुवारी त्यांच्या घरी गोधडी शिवायला जमत, आणि गोधडी ताणून बसवलेल्या चौकटीच्या मधली जागा सलोमाबाईंचीच. तिथली रीत अशी, की म्हाताऱ्या बाईचा हात बिघडला तर ब्रदेखील काढायचा नाही. ती उठली की गुपचूप उसवायचं आणि नव्याने शिवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास सून अर्मा बघते तो काय, सासूबाईंचे टाके एकाएकी बोटबोटभर लांब पडताहेत, तेही वाकडेतिकडे. मग सुई दोनदा हातातून गळली.

"सलोमाकाकू, सुनेचा राग सुईवर काढताय होय?" शेजारची फॅनी म्हणाली. सगळ्या हसल्या. सलोमाबाई काहीतरी पुटपुटल्या, पण जीभ जड झाली होती.

"दमलात आई. चला, पडा जरा," म्हणत अर्माने त्यांना आत निजवलं आणि परत येऊन वीतभर शिवण उसवून टाकली. वाकडे टाके कुणाच्या ध्यानात आले नाहीत, याचं तिला बरंच वाटलं.

बाराला जेवायला हाक मारली तर त्यांनी नुसती मान हलवली. अडीचला कॉफी घेऊन गेली तेव्हा तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा हात लोळागोळा झाला होता.

इस्पितळात पोचेपर्यंत तीन वाजून गेले. "शेवटच्या धडधाकट कधी होत्या?" डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं. "मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती."

"बाराला मान हलवली ना त्यांनी?" नवरा मर्विन म्हणाला. "सांग की तसं."

अर्मा डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"दहा," ती म्हणाली. "दहालाच हात बिघडला होता. मी पाहिलं."

पाच तास उलटून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन परत न्यायला सांगितलं.

"पाहिलंस? मग बोलली का नाहीस गं?" मर्विनने विचारलं.

"चारचौघींत त्यांना लाज वाटू नये म्हणून."

मर्विन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सलोमाबाई सुनेकडे बघत होत्या. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. "चुकले हो मी, आई," म्हणत अर्मा हमसाहमशी रडली.

सलोमाबाई त्यानंतर कधी बोलल्या नाहीत. चर्चच्या बायका मात्र अजून म्हणतात, सून असावी तर अर्मासारखी, सासूचं उणं कधी कुणाला दिसू दिलं नाही. ते कानावर पडलं की अर्मा उठून बाहेर जाते.